चाळीसचा बल्ब

आई गेली त्याला दोन पावसाळे झाले. तिच्या मागं काय राहिलं? एक पत्र्याची पेटी, दोन लुगडी, काच तडकलेला बाबासाहेबांचा फोटो आणि खुंटीला अडकवलेली एक तार. तारेला लाईटची बिलं ओवलेली. तळातली पिवळी पडलेली, वरची त्यामानानं ताजी.

आईला वाचता येत नव्हतं. पण कागद ती कधी टाकत नव्हती. रेशनकार्ड, जातीचा दाखला, लाईटचं बिल, सगळं जपायची. म्हणायची, "गरिबाचा कागद हरवला की त्यो खोटा ठरतुय."

जलदानविधी झाला, पाव्हणे गेले, तेव्हा मी ती तार खाली काढली. मी वायरमन. तीस वर्षं लोकांच्या भिंतीतनं वायरी ओढल्या. बिल कसं वाचायचं हे मला कुणी शिकवायला नको. त्या रात्री एकेक बिल तारेतनं काढून वाचलं आणि पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. का लागला नाही ते सांगतो. पण आधी मागचं सांगायला पाहिजे.

आमचं गाव खुटबाव. तालुका दौंड. पुण्याहून दौंडकडं निघालं की यवतनंतरचं ठेसन. पट्टा उसाचा आणि गुऱ्हाळांचा. बाप गुऱ्हाळावर होता. चुलवाणाच्या तोंडाशी बसून दिवसभर चिपाड घालायचा. आई लोकांच्या उसात खुरपायला जायची. दुसऱ्याचा रस बापानं उकळवायचा, आणि आमच्या घरात चिमणीत घालायला रॉकेल नाही, असा सगळा मामला.

वस्तीत लाईट आली ती गावाच्या बऱ्याच मागनं. आमच्या घरात १९८५ साली. एक मीटर, एक बटण, एक होल्डर आणि त्यात चाळीसचा बल्ब. आईनं बटण दाबलं आणि पहिल्यांदा भिंतीकडं बघितलं. म्हणाली, "आगं बया, भिताडं किती काळी झाल्याती." चिमणीच्या उजेडात काजळी दिसत नव्हती. लाईट आल्यावर दिसली.

मीटरमध्ये एक चकती फिरायची. चकतीवर एक खूण होती. मी आणि माझी धाकटी बहीण बेबी खाली उभे राहून ती खूण किती वेळा येते ते मोजायचो. आम्हाला ते खेळणं होतं. ती चकती पैसे मोजतेय हे आमच्या गावी नव्हतं.

१९८६ च्या दिवाळीआधी एक बिल आलं. आईबापाची मिळून दहाबारा दिवसांची मजुरी होईल एवढं. घरात एक बल्ब. पंखा नाही, रेडिओ नाही. बाप कचेरीत गेला. खिडकीतल्या साहेबानं बिल न बघताच परत दिलं. "वापरली असंल, तवाच आली ना? भर, नाहीतर तुटंल." बाप मुकाट्यानं परत आला. बापाला बोलता येत नव्हतं असं नाही. गुऱ्हाळावर चारचौघांत तो चांगला बोलायचा. पण खिडकीपुढं त्याची वाचा बसायची. त्या खिडकीपुढं आपल्या किती बापांची वाचा बसली, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

घरात एक शेळी होती. ती बाजारात गेली. बिल भरलं. आणि त्या दिवसापासून आईनं घरात कायदा केला. साडेआठला बल्ब मालवायचा. म्हणजे मालवायचा. जेवण झालेलं असो नसो, अभ्यास असो नसो.

मी दहावीला होतो. मी वही-पुस्तक घेऊन खुटबाव ठेसनावर जायला लागलो. फलाटावर दिवा होता. कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसायचो. रात्रीची गाडी गेली की फलाट सामसूम. मग डासांचं आणि माझं राज्य. थंडीत बापाचं घोंगडं पांघरून बसायचो. १९८७ च्या मार्चमध्ये परीक्षा दिली आणि पास झालो. आय.टी.आय.ला वायरमनचा ट्रेड मिळाला.

ही गोष्ट पुढं मला फार उपयोगी पडली. दर चौदा एप्रिलला कुणीतरी माईकवर सांगायचं, "हा आपला बंधू ठेसनाच्या दिव्याखाली शिकला." टाळ्या पडायच्या. मीही मान खाली घालून त्या घ्यायचो. पाचसहा वर्षं घेतल्या.

एके वर्षी सभा संपवून घरी आलो. बेबी माहेरी आली होती. बायकांच्यात मागं बसून तिनं सगळं ऐकलं होतं. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "दादा, ठेसनावर मला कोन जाऊ देनार हुतं रं?"

तेवढंच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

बेबी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. दहावीला १९८८ ते ८९. सकाळी सरपण आणि पाणी, मग शाळा, शाळेतनं आल्यावर भाकऱ्या, सुट्टीत आईबरोबर खुरपण. तिच्या वाट्याला अभ्यासाची वेळ उरायची ती रात्रीचीच. आणि रात्री साडेआठला बल्ब बंद. मी पोरगा, मी ठेसनावर गेलो. ती पोरगी. रात्रीची ठेसनावर गेली असती तर गावानं काय केलं असतं ते सांगायला नको. वस्तीनंही काय केलं असतं तेही सांगायला नको. आपण तरी कुठं निराळे होतो?

थोडे दिवस तिनं चिमणी लावून बघितलं. रेशनचं रॉकेल महिना पुरायचं नाही. धुरानं डोळे चुरचुरायचे. एकदा डुलकी लागली आणि कपाळावरचे केस जळाले. आईनं चिमणीही बंद केली. गणितात आणि इंग्रजीत बेबी गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. वस्तीत सगळे म्हणाले, पोरीचं डोकं नव्हतं. मी पण म्हणालो असेन. आठवत नाही म्हणून सुटका होत नाही.

आता आकडा सांगतो. मी वायरमन आहे, आकड्याशिवाय मला बोलता येत नाही.

युनिट म्हणजे काय? हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. चाळीसचा बल्ब साडेआठ ते साडेअकरा, तीन तास जळाला तर एकशेवीस वॅट-तास. महिन्याला साडेतीन युनिटच्या वर थोडं. ३.६ युनिट. आजच्या पहिल्या टप्प्याच्या दरानं हिशेब केला तरी ते पंचवीस-तीस रुपयांच्या आत बसतं. जून ते मार्च धरले तर माझ्या बहिणीचं दहावीचं वर्ष म्हणजे ३६ युनिट.

आय.टी.आय. करून मी पुण्यात एका ठेकेदाराकडं लागलो. सकाळच्या गाडीनं जायचं, रात्रीच्या गाडीनं यायचं. हडपसरच्या पुढं एका बंगल्यात मी गिझर बसवला. दोन हजार वॅटचा. रोज अर्धा तास चालला तर रोजचा एक युनिट, महिन्याला तीस. काम संपवून पुसापुशी करत होतो तर बंगल्याच्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही लोक वीज फार वाया घालवता हो. घरात दिवे बंद करायची सवय लावा." मी "हो बाई" म्हणालो आणि मजुरी घेतली. गाडीत बसल्यावर बोटांवर हिशेब केला. त्या बंगल्याच्या एका महिन्याच्या आंघोळीच्या पाण्यात बेबीच्या आठ महिन्यांच्या रात्री उकळून गेल्या होत्या.

एवढं मला तेव्हाच कळलं होतं. तरी मनाला मी एक समजूत घातली होती. म्हणायचो, काय करणार, परिस्थिती होती. बल्ब बंद ठेवला म्हणून तर आई बिल भरू शकली. अंधार झाला खरा, पण चार पैसे वाचले. त्या चार पैशांवर घर चाललं.

तारेवरच्या बिलांनी ही समजूतही काढून घेतली.

त्या रात्री मी १९८६ ते १९९० ची बिलं जमिनीवर ओळीनं मांडली. बिलावर मागचं रीडिंग असतं आणि चालू रीडिंग असतं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुम्ही जाळलेली वीज. आमच्या बिलांवर मागचं आणि चालू रीडिंग एकच होतं. बिलामागून बिल तोच आकडा. आणि युनिटच्या रकान्यात दर खेपेला एकसारखी ठरावीक संख्या. म्हणजे काय? म्हणजे मीटर वाचायला कुणी आलंच नव्हतं. कचेरीत बसून कुणीतरी अंदाजानं आकडा टाकत होतं. याला सरासरीचं बिल म्हणतात. पुढं मीटर बदलला, त्या वेळेचं बिलही तारेवर आहे. त्याच्यावर जुन्या मीटरचा शेवटचा आकडा कुठंच नाही. म्हणजे तो हिशेब कधी पुरा झालाच नाही.

दोस्तांनो, नीट लक्षात घ्या. साडेआठला बल्ब मालवला तरी बिल तेवढंच येत होतं. रात्रभर जळला असता तरी तेवढंच आलं असतं. माझ्या बहिणीच्या अंधारानं आमच्या घराचा एक नवा पैसाही वाचवला नाही.

आईनं चार वर्षं काटकसर केली. ज्या बिलाशी केली त्या बिलाला तिच्या काटकसरीचा पत्ताच नव्हता.

मला कचेरीतल्या त्या माणसाचं नाव माहीत नाही, आणि माहीत असतं तरी उपयोग नाही. त्याला खुटबावच्या वस्तीत सायकल मारत यायचा कंटाळा आला असेल. आपण आलो नाही तर विचारायला कुणी येणार नाही, हे त्याला माहीत होतं. मुद्दा तो आहे. त्या काळी लागू असलेल्या १९१० च्या वीज कायद्यातसुद्धा कनेक्शन तोडण्याआधी सात दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागत होती. माझ्या बापाला खिडकीतनं तोंडी धमकी मिळाली आणि शेळी गेली. कायदा होता. तो आमच्या वस्तीपर्यंत आला नव्हता, एवढंच.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते हे आपल्यातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पण त्यांच्या खात्यात वीज होती, हे किती जणांना ठाऊक आहे? ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजपुरवठ्याच्या धोरण समितीचे अध्यक्ष म्हणून ते बोलले. वीज कुणाच्या हातात असावी, सरकारच्या की खाजगी मालकांच्या, हा प्रश्न त्यांनी समितीपुढं ठेवला. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, तिच्यावाचून उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांवाचून या देशातली गरिबी हटणार नाही, असा त्यांचा विचार होता. १९४४ साली त्यांच्याच खात्याखाली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. १९४७ च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली.

शिका, म्हणाले बाबासाहेब. शिकायला उजेड लागतो. उजेडाची सोय कशी करायची याचाही विचार करून ठेवणारा माणूस होता तो. आपण त्यांचे पुतळे उजळले. जयंतीला हॅलोजन लावले. लावावेत, सण आपला आहे. पण जयंतीच्या कमानीखालच्या घरातली पोरगी साडेआठला पुस्तक मिटते का, हे बघायला आपल्यातला कोण गेला? मी तर गेलो नाही. माझ्याच घरातली होती.

म्हणून आईच्या तारेनंतर आम्ही एक काम सुरू केलं. संघटना नाही, बॅनर नाही. वस्तीतली सातआठ पोरं आणि मी. महिन्याच्या पहिल्या रविवारी वही घेऊन घरोघर जायचं आणि मीटर वाचायचा. या कामातून जे कळलं ते तुमच्या वस्तीतही उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

पहिलं, बिल वाचायला शिका. बिलात विजेचा आकार वेगळा, वहन आकार वेगळा, इंधन समायोजन आकार वेगळा, वर सोळा टक्के वीज शुल्क. आणि सगळ्यांच्या आधी स्थिर आकार. हा स्थिर आकार तुम्ही अंधारात बसलात तरी येतो. साध्या घरगुती जोडणीला आज तो महिन्याला शंभराच्या वर आहे. ज्या घरात महिन्याला तीस युनिट जळतात, त्या घराच्या बिलातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग हाच असतो. म्हणजे जो सगळ्यात कमी जाळतो त्याला एकेक युनिट सगळ्यात महाग पडतो. बल्ब मालवून हा आकार कमी होत नाही. तो कमी करायचा तर दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगापुढं बोलावं लागतं. दर ठरवण्याआधी आयोग लोकांच्या हरकती मागवतो. आपल्या किती संघटनांनी तिथं एक कागद दिलाय?

दुसरं, दर टप्प्यांनी वाढतो. शंभर युनिटपर्यंत एक दर, शंभर ते तीनशेला त्याच्या जवळपास दुप्पट, पुढं आणखी. दोनतीन महिने रीडिंग न घेता एकदम बिल दिलं, तर युनिट महिन्यांवर वाटून प्रत्येक महिन्याला पहिल्या टप्प्याचा फायदा द्यावा लागतो. दिलाय का ते बघा. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना वेगळा स्वस्त दर आहे, पण वर्षाला ३६० युनिटच्या आत वापर असेल तरच. सरासरीचं फुगवलेलं बिल एखाद्याला या सवलतीतनं बाहेर काढू शकतं. म्हणून वहीत तारीख टाकून आपला आकडा आपण लिहून ठेवायचा. मोबाईलवर मीटरचा फोटो काढायचा. खिडकीपुढं वाचा बसली तरी फोटो बोलतो.

तिसरं, कायदा खिशात ठेवा. २००३ च्या वीज कायद्याचं छपन्नावं कलम. पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. बिल चुकीचं वाटत असेल तर हरकत नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यात जे कमी असेल ते भरलं की वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची थकबाकी मधली सगळी वर्षं बिलात सलग दाखवलेली नसेल तर अचानक उकरून काढता येत नाही. पुढची पायरी ग्राहक तक्रार निवारण मंच. त्रेचाळिसाव्या कलमात लिहिलंय की जागेचा मालक किंवा भोगवटादार अर्ज करू शकतो. भोगवटादार हा शब्द लक्षात ठेवा. गायरानावर, गावठाणाच्या कडेला राहणाऱ्या आपल्या माणसांना 'सातबारा आणा' म्हणून परत पाठवतात, तेव्हा हा शब्द पुढं करायचा. २०२१ साली १४ एप्रिल ते ६ डिसेंबर या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजना होती. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना पाचशे रुपये अनामतीवर जोडणी, तीही पाच हप्त्यांत. आमच्या वस्तीतल्या दोन घरांना ही योजना आहे हेच माहीत नव्हतं. बाबासाहेबांच्या नावाची योजना, आणि बाबासाहेबांच्या वस्तीला पत्ता नाही. यात सरकारचा दोष असेल, आपलाही आहे.

चौथं, घरातली वीज कुठं जाते ते बघा. साठचा जुना बल्ब रोज पाच तास जळाला तर महिन्याला नऊ युनिट. नऊ वॅटचा एल.ई.डी. तेवढाच वेळ जळाला तर दीड युनिटच्या आत. जुना पंखा पंचाहत्तर वॅट ओढतो, रोज दहा तासाला महिन्याचे बावीस युनिट. नव्या जातीचा पंखा तीस-पस्तीस वॅटमध्ये तेच वारं देतो, पण महाग आहे, म्हणून भिशीतनं पाळीपाळीनं घ्यायला लागलोय. पाणी तापवायचा रॉड सगळ्यात खादाड. आणि एक वायरमनची युक्ती. घरातली सगळी बटणं बंद करा, टी.व्ही. आणि चार्जर खाली काढा, आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. लुकलुकत राहिला तर कुठंतरी वायर गळतेय, किंवा तुमच्या मीटरवरनं दुसऱ्याचं घर चाललंय. आमच्या वस्तीत दोन ठिकाणी ओल धरलेल्या भिंतीत वायर गळत होती. एका म्हातारीचं बिल वर्षभर त्यानं फुगत होतं. बिलाचं सोडा, पोरानं त्या भिंतीला हात लावला असता तर?

आकड्याचंही बोलतो, कारण तुम्ही मनात म्हणत असाल. तारेवर आकडा टाकणं गुन्हा आहे, तुरुंग आहे, आणि पावसात मरण आहे. मी दोन माणसं तशी बघितलीत. आकडा टाकू नका. पण आकडा टाकणाऱ्या गरिबाला चोर म्हणण्याआधी ज्याला कोटेशन भरायला जमलं नाही त्याच्या दारात जाऊन बसा.

आता एक राहिलं. चुलीचं.

बेबीचा नवरा वारला तेव्हा ती पोरं घेऊन खुटबावला परत आली. आमच्या शेजारीच राहते. तिच्याकडं उज्ज्वलाचा गॅस आहे. २०१६ साली योजना आली, त्यानंतर तिला मिळाला. टाकी कोपऱ्यात उभी असते, शेगडीवर कापड झाकलेलं. मी विचारलं, "का गं?" म्हणाली, "पाव्हनं आलं की लावते. रोज लावला तर भरनार कोन?" मार्च २०२३ मध्ये टाकी अकराशेच्या वर गेली होती. पुढं सरकारनं दर कमी केला, उज्ज्वलाला तीनशेची सूट दिली. तरी मजुरीच्या घराला एकदम तेवढे पैसे काढणं जड जातं. म्हणून ती वेड्या बाभळीचं सरपण आणि उसाचं पाचट जाळते आणि खोकते.

तिला मी डाळ-तांदूळ भिजत घालायला सांगायला गेलो. म्हणाली, "दादा, ते मी आईच्या पोटातनं शिकून आलीया." खरं आहे. डाळ भिजवणं, भांड्यावर झाकण ठेवणं, एका जाळावर दोन पदार्थ उरकणं, विझत्या आरात बटाटे भाजणं. आपल्या बायकांना काटकसर शिकवायला जाणारा माणूस शहाणा नव्हे. त्यांनी काटकसर एवढी केली की स्वतःची फुफ्फुसं जाळली आणि गॅस वाचवला. स्वतःची शाळा मोडली आणि बल्ब वाचवला.

मला या सगळ्यातनं एवढंच कळलंय. कुठलीही बचत घरात आली की विचारायचं, ही कुणाच्या अंगातनं निघाली? बल्ब बदलून निघाली, गळकी वायर काढून निघाली, खोटं बिल दुरुस्त करून निघाली, तर ती बचत. पोरीच्या अभ्यासातनं आणि बाईच्या खोकल्यातनं निघाली, तर तिला बचत म्हणू नका. ते आपल्याच माणसाकडनं वसूल केलेलं बिल आहे.

आमच्या वस्तीत आता ठराव आहे. आधी वहीतला आकडा बघायचा, मग बटणाला हात लावायचा. आणि अभ्यासाचा दिवा कुठल्याही घरात बचतीत धरायचा नाही. नऊ वॅट. पहाटेपर्यंत जळला तरी गिझरच्या एका आंघोळीला सर येत नाही.

मागच्या रविवारी पोरं ऊसतोडीच्या कामात होती, कुणी आलं नाही. मी एकटाच वही घेऊन निघालो. बेबीनं दारातनं हाक मारली. म्हणाली, "चष्मा इसरलास न्हवं? आन हिकडं." तिनं वही घेतली, पदर खोचला आणि मीटरखाली उभी राहिली. एकेक घर करत आम्ही वस्ती पुरी केली. ती आकडा वाचायची आणि स्वतःच लिहायची. सावकाश, पण नीट. चौतीस घरं झाली. शेवटच्या घरी तिनं मागच्या महिन्याचा आकडा काढून वजाबाकी केली, हातचा घेऊन. बरोबर आली.

मी म्हणालो, "गणितात गेली होतीस ना गं तू?"

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "गेले न्हवते. घालवलं हुतं."

वही आता तिच्याकडंच असते.

जयभीम.